लुटीच्या धड्यापलीकडची सुरत

मराठी वाचकाला सुरत या शहराची पहिली ओळख बहुधा शालेय इतिहासाच्या पुस्तकातून होते, आणि ती जानेवारी १६६४ व ऑक्टोबर १६७० या दोन स्वाऱ्यांपुरतीच राहते. शिवछत्रपतींनी मोगलांचे हे श्रीमंत बंदर दोनदा लुटले आणि ती संपत्ती स्वराज्याच्या कामी आली, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. खानदेशातील असंख्य घरांत मात्र सुरत हे इतिहासातले नव्हे, तर नात्यागोत्यातले गाव आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून गेल्या काही दशकांत हजारो कुटुंबे कामाच्या शोधात तापीच्या प्रवाहाबरोबरच पश्चिमेकडे सरकली आणि तिच्या मुखाजवळच्या या शहरात स्थिरावली. पुढील वर्णन अशाच एका प्रवासाचे आहे. विवाहानंतर, शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी खानदेशातून प्रथमच सुरतेस जाणारी जी तरुणी येथे गृहीत धरली आहे, ती कोणी एक व्यक्ती नसून त्या वाटेने दरवर्षी जाणाऱ्या अनेकींची प्रतिनिधी आहे. शहराकडे तिच्या नजरेने पाहिल्यास त्याचे बहुसांस्कृतिकपण पुस्तकी न राहता प्रत्यक्ष दिसू लागते, असे मानण्यास आधार आहे.

हा प्रवास ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा लोहमार्ग खानदेशातील कापूस सुरतेकडे व मुंबईकडे नेण्यासाठी महत्त्वाचा ठरला, आणि आज कापसाऐवजी माणसे नेणे हेच त्याचे मोठे काम झाले आहे. नंदुरबार मागे पडल्यावर नवापूर लागते. या स्थानकाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्थानकप्रमुखाचे कार्यालय गुजरातेत अशी तेथील व्यवस्था असून फलाटावरील एका बाकावरही ही सीमा रंगवून दाखवली आहे. त्यापुढे सोनगढ येते, जेथील डोंगरी किल्ला अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे होता आणि बडोद्याच्या आधी गायकवाडांची सत्ता जेथून विस्तारली. म्हणजे सीमा ओलांडूनही मराठी इतिहास संपत नाही. नंतर व्यारा, १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहामुळे देशभर नाव झालेले बारडोली, आणि मग उसाच्या शेतांची जागा कारखान्यांच्या भिंती घेऊ लागल्या की उधना. खानदेशी प्रवाशांपैकी पुष्कळजण सुरतेच्या मुख्य स्थानकाआधी येथेच उतरतात, कारण त्यांची वस्ती याच बाजूस आहे.

उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या भागांत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या तरुणीचा अपेक्षाभंग होतो, आणि तो सुखद असतो. परक्या भाषेच्या मुलखात जात असल्याची धास्ती बाळगून ती आलेली असते, तर येथे दुकानांच्या पाट्या मराठीत, भाजीवालीशी होणारी घासाघीस अहिराणीत आणि रात्रीच्या जेवणात शेवभाजी किंवा वरण-बट्टी असते. अहिराणी ही खानदेशची बोली असून तिच्या व्याकरणात व शब्दसंग्रहात मराठी आणि गुजराती या दोहोंशी जवळीक आढळते. त्यामुळे जी बोली पुण्या-मुंबईत गेल्यावर संकोचाने गिळावी लागते, तीच येथे नवी भाषा शिकण्यास हाताशी येते. श्रावणात कानबाई ही लोकदेवी बसते, तेव्हा सवाई धान्याच्या पिठाचे रोट भाजले जातात आणि विसर्जनाच्या मिरवणुका या वसाहतींतून निघतात. राजकारणातही ही वस्ती दुय्यम राहिलेली नाही: जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारी मतदारसंघातून वारंवार लोकसभेवर गेले आहेत आणि लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२ पासून संगीता पाटील निवडून येत आहेत.

तथापि केवळ आपल्याच माणसांत राहिल्यास सुरत कळत नाही, आणि हे शहर फार काळ तसे राहूही देत नाही. एकाच गल्लीत विदर्भाच्या सीमेपलीकडून आलेली तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार, उत्तर प्रदेश व बिहारचे रंगाई-छपाईच्या गिरण्यांतील कारागीर आणि राजस्थानचे किराणा दुकानदार राहतात. पद्मशाली हा तेलंगणातील परंपरेने विणकरांचा समाज असून सोलापूर व भिवंडी येथील त्यांची वस्ती मराठी वाचकास परिचित आहे. या सरमिसळीची सर्वांत बोलकी नोंद महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत सापडते: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून त्या चालवल्या जातात. शहराचे श्रीमंत चेहरे वर्णन करणाऱ्या पुस्तकांत या शाळांना क्वचितच जागा मिळते, ही खेदाची गोष्ट आहे. मजूर आईबापांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत अक्षरओळख देणारे शहर, यापेक्षा मोठी प्रशस्ती कोणत्याही नगरीला मिळू शकत नाही.

शहरातील या सर्व समाजांना एकत्र आणणारी शक्ती म्हणजे काम, आणि त्यातही कापड व हिरा ही दोन कामे. नव्याने आलेल्या तरुणीला कापडाची ओळख बाजाराआधी घरातच होते. रिंग रोडवरील कापड बाजारांतून साड्यांचे गठ्ठे वस्तीत येतात आणि स्त्रिया घरी बसून त्यांना लेस लावणे, टिकल्या चिकटवणे, धागे कापणे ही कामे नगावर घेतात. याहून कौशल्याचे काम ‘खाटली’ या नावाने ओळखले जाते. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचे आणि त्यावर सुईने जरी, मणी व सलमा यांचे भरतकाम करायचे, अशी ही पद्धत आहे. सुरतेची जरी, म्हणजे रेशमी वा सुती धाग्यावर चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून व सोन्याचा मुलामा देऊन केलेला धागा, ही शहराची जुनी कला असून तिला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. मात्र घरबसल्या होणाऱ्या या कामाचा मोबदला तुटपुंजा असतो आणि तो करणारीचे नाव साडीबरोबर कधीच प्रवास करत नाही. पैठणी विणणाऱ्या हातांचे कौतुक करणाऱ्या मराठी समाजाने, त्याच्याच लेकीसुना सुरतेत रोजच्या वापरातील साडी सजवतात याचीही दखल घेतली पाहिजे.

हिऱ्यांचे जग यापेक्षा वेगळे आहे. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिरे सुरतेतून जातात, आणि हा धंदा प्रामुख्याने सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदारांनी वराछा व कतारगाम या भागांत वाढवला. हिरा घासणाऱ्या कारागिरास येथे ‘रत्नकलाकार’ म्हणतात, आणि ज्या फिरत्या तबकडीच्या मेजाभोवती काही जण मिळून बसतात त्याला ‘घंटी’ असे नाव आहे. महिधरपुऱ्यातील हिरा बाजारात दलाल रस्त्यावर उभे राहून, थांबवलेल्या दुचाकीच्या आसनावर कागदी पुडी उलगडून लाखोंचा माल दाखवतात. कोठेही लोखंडी दार नाही, की पावतीवरून वाद नाही. खजोद येथे १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेले सुरत डायमंड बोर्स चार हजारांहून अधिक कार्यालये सामावून घेणारे भव्य संकुल असले, तरी शहराचा स्वभाव महिधरपुऱ्याच्या अरुंद गल्लीतच अधिक उघडपणे दिसतो. या गल्लीत प्रथमच शिरणाऱ्या तरुणीला तेथे जवळपास सगळे पुरुषच आढळतात, आणि ही बाबही नोंदवण्यासारखी आहे: शहर सर्वांना सामावून घेते, पण प्रत्येक कामाची दारे सर्वांना सारखीच उघडी नाहीत.

जुन्या शहरात शिरल्यावर शाळेतला धडा पुन्हा समोर येतो, परंतु दुसऱ्या बाजूने. तापीच्या काठावरील किल्ला सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पोर्तुगीजांच्या वारंवार होणाऱ्या हल्ल्यांमुळे गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या आज्ञेवरून खुदावंद खान याने बांधून घेतला. महानगरपालिकेने अलीकडे त्याचे जतन करून तेथे संग्रहालय केले आहे. १६६४ च्या जानेवारीत मोगल सुभेदार इनायत खान याच किल्ल्यात दार लावून बसला आणि उघड्या पडलेल्या शहरातील विरजी व्होरा यांच्यासारख्या, युरोपीय कंपन्यांनाही कर्जे देणाऱ्या सावकारांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. ज्या पराक्रमाच्या कथा ऐकत मराठी मुलगी वाढलेली असते, त्याच घटनेत येथील रहिवाशांनी घरे सोडून पळ काढला होता, याची जाणीव तटावर उभे राहिल्यावर तिला होते. त्यामुळे तिच्या मनातील अभिमान कमी होण्याचे कारण नाही. रयतेला वाऱ्यावर सोडून स्वतःचा जीव वाचवणाऱ्या राजसत्तेचे वाभाडे त्या स्वारीने काढले, हाही इतिहासच आहे. पण एका घटनेला दोन बाजूंनी पाहता येणे हेच परक्या शहरातील पहिल्या वास्तव्याचे खरे शिक्षण असते.

त्याच लुटीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचे, म्हणजे माल साठवण्याच्या व व्यापाराच्या ठाण्याचे, रक्षण करणारा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच मरण पावला आणि त्याच्या भावासह तो कतारगाम दरवाजाजवळील इंग्रजी दफनभूमीत पुरला गेला. त्यांची समाधी पाहून प्रथम आलेली व्यक्ती चकित होते, कारण ती ख्रिस्ती थडग्यासारखी नसून दुमजली, घुमटांची आणि एखाद्या मोगल अमिराच्या मकबऱ्यासारखी आहे. जवळच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान रीड याची समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ स्थानिक वैद्यांच्या मदतीने सिद्ध करणारा हा अधिकारी १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेस येताना समुद्रावरच वारला. आर्मेनियन व्यापाऱ्यांची थडगी मात्र साधी आहेत. जमिनीशी समतल दगड आणि त्यांवर त्यांच्या लिपीतील ओळी, एवढेच त्यांचे स्वरूप आहे.

या आर्मेनियन दगडांजवळ एका तरुणीची आठवण अप्रस्तुत ठरू नये. अकबराच्या दरबारातील मुबारक खान नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती अमिराची मुलगी मरियम हिचा विवाह, १६०८ मध्ये सुरतेस उतरलेल्या विल्यम हॉकिन्स या इंग्रजाशी जहांगीरने लावून दिला. पतीबरोबर ती इंग्लंडला निघाली, वाटेत तो वारला, लंडनमध्ये तिने गॅब्रिएल टॉवरसन याच्याशी पुनर्विवाह केला आणि १६१७ मध्ये ती सुरत बंदरात परत आली. तिच्यासोबत त्याच जहाजातून फ्रान्सिस वेब ही इंग्रज तरुणीही आली होती, जिने प्रवासातच रिचर्ड स्टील याच्याशी गुपचूप विवाह केला होता. इंग्रज वकील टॉमस रो याला स्त्रियांचे हे येणे मुळीच रुचले नव्हते. चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उतरलेल्या या स्त्रियांनी स्वतः काय पाहिले हे त्यांच्या शब्दांत उरलेले नाही, कारण लिहिणारे सगळे पुरुष होते. आजच्या तरुणीच्या हातात लेखणी आहे, आणि म्हणूनच तिच्या पहिल्या दिवसांची नोंद महत्त्वाची आहे.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर मुगलीसरा आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ही सराई, म्हणजे प्रवाशांची उतरण्याची जागा, आज महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. जुनी इमारत केवळ जतन करून ठेवण्यापेक्षा तिच्यातून शहर चालवणे ही कल्पना अधिक जिवंत वाटते. याच प्रशासनाने सप्टेंबर १९९४ च्या प्लेगनंतर शहराला पुन्हा उभे केले. त्या साथीत लाखो लोक, त्यांत खानदेशचे कामगारही, मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेले होते; पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी स्वच्छतेची घडी बसवली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. पळून गेलेले बहुतेक परत आले, यातच या शहराचे आकर्षण किती आहे ते दिसते.

पारशी आणि दाऊदी बोहरा हे समाज जुन्या शहरात अजूनही आपल्या मोहल्ल्यांनिशी नांदतात. भारतातील आठ आतश बेहरामांपैकी, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या पवित्र अग्निमंदिरांपैकी, दोन सुरतेत आहेत आणि दोन्हींची प्रतिष्ठापना १८२३ मध्ये झाली. पारशेतरांना आत प्रवेश नाही. देवळाच्या दाराशी थांबून बाहेरूनच नमस्कार करण्याचा हा अनुभव हिंदू घरातील मुलीला नवा असतो. झांपा बाजारात रंगीत रिदा घातलेल्या बोहरा स्त्रिया दिसतात. डोक्यावरून येणारा वरचा भाग आणि घेरदार झगा असे या वेषाचे दोन भाग असून त्यावर लेस व भरतकाम असते. येथील देवडी परिसरात अल-जामिया-तुस-सैफिया ही बोहरा समाजाची विद्यापीठसदृश संस्था एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे.

सुरतेच्या खाद्यसंस्कृतीबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून येथे थोडक्यात सांगणे पुरे. वाफवलेल्या चणाडाळीच्या पिठाचा मऊ लोचो, त्यावर तेल, शेव, कांदा आणि हिरवी चटणी, हा सकाळचा नाश्ता सर्वत्र मिळतो. डच वखारीतील बेकरीचा वारसा सांगणाऱ्या पारशी दोतीवाला घराण्याच्या दुकानांत नानखटाई व जिऱ्याची बटर बिस्किटे असतात. तापीपलीकडच्या रांदेर येथे, जे सुरतेहूनही जुने बंदर आहे, ब्रह्मदेशी खाऊसा मिळतो: नारळाच्या दुधातील रश्शात शेवया आणि वर कुरकुरीत तळण. रांदेरचे सुन्नी व्होरा व्यापारी रंगूनमध्ये स्थायिक झाले होते आणि त्या शहरात सुरती नावाची मशीद आजही आहे. परत येताना त्यांनी हा पदार्थ आणला. शाकाहारी गुजरातची कल्पना घेऊन आलेल्या मुलीला रात्री गाड्यांवर मिळणारा ‘घोटाळा’ हा अंड्यांचा पदार्थ पाहून आश्चर्य वाटते. हिवाळ्यात तापीकाठी विकला जाणारा पोंक मात्र तिला लगेच ओळखता येतो, कारण तो ज्वारीचा हुरडाच आहे, फक्त त्याबरोबर लिंबू-मिरीची शेव येते.

एका मराठी माणसाचे या शहरावरील ऋण आणि या शहराचे त्याच्यावरील ऋण येथे सांगितले पाहिजे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी आपले व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानंतर ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले, आणि २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, मूर्तिपूजा आणि विधवांवरील अन्याय यांविरुद्ध उघड चर्चा करणारी ही सभा मुंबईतील परमहंस सभेची पूर्वसूरी ठरली. म्हणजे महाराष्ट्राच्या सुधारणाचळवळीचा एक झरा सुरतेत उगम पावला. पुढे १९०७ मध्ये बाजीगौरी मुनशी व शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी वनिता विश्राम ही स्त्रीशिक्षणाची संस्था काढली, आणि योगायोग असा की त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात जहाल-मवाळ वादात मोडले. मराठी इतिहासलेखनाने लोकमान्यांमुळे दुसरी घटना जपली आणि पहिली विसरली. वनिता विश्रामच्या आवारात २०२१ पासून स्त्रियांचे विद्यापीठ उभे आहे, आणि लिंबायत-डिंडोलीच्या मुलींना तेथे शिकता येते ही गोष्ट त्या मोडलेल्या अधिवेशनापेक्षा कमी ऐतिहासिक नाही.

प्रथम जाणाऱ्या तरुणीने शक्य असल्यास भाद्रपद-आश्विनातच जावे. या काळात खानदेशी घरांत मुलींच्या गुलाबाईची गाणी चालू असतात, तेलुगू स्त्रिया फुलांचा बतुकम्मा मांडून त्याभोवती फेर धरतात आणि गुजराती वस्त्यांत शेरी गरबा सुरू होतो. शेरी गरबा म्हणजे तिकीट लावून मोठ्या मैदानांवर होणाऱ्या गरब्याहून वेगळा, गल्लीतल्या रहिवाशांनी देवीच्या दिव्याभोवती खेळलेला गरबा. त्यात नवख्या मुलीला पायाचा ठेका येत नसला तरी शेजारीण तिला ‘आवो बेन’ म्हणत फेरात ओढते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदी पडवा येतो. त्या रात्री सुरती कुटुंबे तुपात न्हालेली, मावा आणि सुक्या मेव्याने भरलेली घारी व ‘भुसू’ हे तिखट फरसाण घेऊन नदीकाठी आणि गौरव पथाच्या पदपथांवर चटया टाकून बसतात, आणि शेजारच्या चटईवर कोण कोणत्या गावचे आहे याची चौकशी घारीची देवाणघेवाण झाल्यानंतर केली जाते.